परक्याची लढाई आणि आमची राखण

सातारा तालुक्यात अपशिंगे नावाचे एक गाव आहे. लोक त्यास नुसते अपशिंगे म्हणत नाहीत, 'अपशिंगे मिलिटरी' म्हणतात. १९१४ साली सुरू झालेल्या पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. लढाई संपल्यावर इंग्रज सरकारने गावास एक स्मारकशिला बहाल केली. घरटी एक तरी गडी फौजेत, असा त्या गावचा लौकिक आजही आहे. त्या शिलेपुढे आम्ही मान लववितो. परंतु मान लववून झाल्यावर ती वर करून एक प्रश्न विचारणे हेही आमचे कर्तव्य आहे. ते ४६ जण कुणाच्या शेताची राखण करावयास गेले होते, आणि त्यांच्या जाण्याने सातारा जिल्ह्याची एक बोटभर जमीन तरी अधिक सुरक्षित झाली काय?

प्रश्न जुना झाला असे कुणी म्हणेल. तो जुना झालेला नाही. जगात कोठेही तोफ धडाडली की आमच्याकडे बैठकीतले वीर जागे होतात. ते म्हणतात, देशाची सुरक्षितता आता वेशीवर राखता येत नाही, ती हजार कोस पलीकडे जाऊन राखावी लागते. मोठे राष्ट्र व्हावयाचे तर समुद्रापार फौज धाडण्याची छाती पाहिजे. ही छाती कुणाची, हे मात्र ते सांगत नाहीत. बोलणाऱ्याचा मुलगा परदेशी शिकत असतो आणि छाती माण-खटावच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या मुलाची मागितली जाते. हेच वाक्य १९१४ साली आमच्या आजे-पणज्यांस ऐकविण्यात आले होते. त्याचा हिशेब पुरता झालेला आहे. तो वाचकांपुढे ठेवावा, इतकाच या लेखाचा हेतू आहे.

आमच्या वाचकांत शेतकरी पुष्कळ आहेत, म्हणून त्यांच्याच व्यवहारातली गोष्ट घेऊ. ज्वारी भरात आली की शेतकरी गोफण घेऊन माळ्यावर बसतो. पाखरू उतरले की धोंडा सोडतो. रानडुक्कर शेजाऱ्याच्या वावरात शिरले तर तो शेजाऱ्याच्या बांधावरही धावून जातो, कारण तेथून ते आपल्याकडेच येणार. इथवर कोणी शहाणा हरकत घेणार नाही. पण समजा पाच कोसांवरच्या इनामदाराचा निरोप आला की, 'माझ्या उसाला कोल्हे लागले आहेत, ते उद्या तुझ्या ज्वारीत येतील, सबब आजच माझ्या फडाची राखण करावयास ये आणि येताना भाकरी घरची आण.' हा निरोप मानून जो जातो त्याची ज्वारी इकडे पाखरे खातात. कोल्हा ज्वारी खात नाही, हे त्यास परत आल्यावर आठवते.

१९१४ साली हिंदुस्थानास आलेला निरोप याच मासल्याचा होता. नोव्हेंबर महिन्यात हिंदी फौज इराणी आखाताच्या तोंडाशी उतरली आणि तिने बसरा घेतले. कारण असे सांगितले की, तुर्कस्थान जर्मनीस मिळाला आहे, तो मुसलमानी मुलूख पेटवील आणि ती आग हिंदुस्थानापर्यंत येईल. ही भीती अगदीच खोटी होती असे आम्ही म्हणत नाही. परंतु जवळच अबादान येथे अँग्लो-पर्शियन ऑइल कंपनीचा तेल गाळण्याचा कारखाना होता. त्या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग ब्रिटिश सरकारने त्याच १९१४ साली विकत घेतले होते. आणि त्या तेलावर इंग्रजांचे आरमार चालावयाचे होते. ही दुसरी गोष्ट साताऱ्याच्या रिक्रुटास कुणी सांगितली नाही. त्याला महिना अकरा रुपये पगार सांगितला आणि राजनिष्ठा शिकविली.

बरे, बसरा हाती आले, तेल सुरक्षित झाले, तेथे तरी थांबावे! परक्या भूमीवरच्या लढाईचे पहिले लक्षण हेच की तिला थांबावयाची जागा नसते. १९१५ साली बगदादचा मोह पडला. गॅलिपोली येथे इंग्रजांची नाचक्की झाली होती, ती झाकावयास कोठेतरी मोठा विजय पाहिजे होता. जनरल टाउनशेंड सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन घेऊन टायग्रिस नदीने वर चढला, टेसिफोन येथे अडला, मागे हटला आणि कुत या गावी कोंडला गेला. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढा चालला. वेढ्यात आमच्या मराठ्यांच्या तीन पलटणी होत्या, १०३, ११० आणि ११७. धान्य संपले, घोडे कापून खाण्याची पाळी आली. पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्मभयाने ते मांस नाकारले आणि स्कर्व्हीने त्यांचे सापळे झाले. वेढा फोडावयास धाडलेल्या फौजेची सुमारे २३,००० माणसे मेली वा जखमी झाली, आणि वेढा फुटलाच नाही. अखेर सुमारे १३,००० माणसे तुर्कांस शरण गेली.

पुढचे ऐका. शरण गेलेल्या शिपायांस वाळवंटातून पायी हाकलीत नेण्यात आले. वाटेत पडला तो पडला. जे उरले त्यांतील पुष्कळ हिंदी कैदी रास-अल-ऐन येथे रेल्वेच्या कामावर जुंपले गेले आणि तापाने, उपासमारीने हजारोंनी मेले. आणि सेनापती? सेनापती टाउनशेंड कॉन्स्टँटिनोपलजवळच्या एका बेटावर, समुद्रकाठच्या घरात सुखाने राहिला. कैदेत असतानाच त्यास 'सर' ही पदवी मिळाली! ब्रिटिश पार्लमेंटने चौकशी कमिशन नेमले. त्याने १९१७ साली या मोहिमेच्या गलथान तयारीची आणि जखमींच्या हालांची लक्तरे वेशीवर टांगली. भारतमंत्री ऑस्टेन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. हजारोंच्या मरणाबद्दल एका मंत्र्याची खुर्ची गेली, आणि पुढे काही वर्षांनी त्याच गृहस्थास परराष्ट्रमंत्र्याची खुर्ची मिळाली. आमच्या कुणब्याच्या घरातील गेलेला गडी मात्र परत आला नाही.

मेलेल्यांचा मान कसा राखला, तेही पाहा. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि ज्यांच्या कबरींचा ठाव नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचे स्मारक बसऱ्यास उभारले. त्यावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले, हिंदी अधिकाऱ्याचेही कोरले. साध्या हिंदी शिपायाचे नाव कोरले नाही. पलटणीच्या नावाखाली 'आणि इतर इतके' असा आकडा घातला. ज्याने मुलाचे नाव बाराव्या दिवशी पाळण्यात ठेवले त्या बापास सरकारने आकडा परत दिला. हा भेदभाव झाला अशी कबुली त्या स्मारकांचे काम पाहणाऱ्या कमिशनने २०२१ साली दिली, म्हणजे शंभर वर्षांनी!

आता घरच्या ज्वारीचे काय झाले ते पाहू. या महायुद्धात १३ लाखांहून अधिक हिंदी माणसे समुद्रापार गेली आणि सुमारे ७४,००० मेली. शिवाय १९१७ साली हिंदुस्थानच्या तिजोरीतून १० कोटी पौंड, म्हणजे त्या वेळचे सुमारे १५० कोटी रुपये, इंग्लंडास 'देणगी' म्हणून देण्यात आले. ज्याच्या अंगावर धड बंडी नाही त्याने सावकाराच्या मुलीच्या लग्नात आहेर करावा, तसा हा प्रकार. धान्य, कापड, रॉकेल सारे महागले. १९१८ साली पाऊस हुकला आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. तिने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. ती साथ लढाईच्या जहाजांतून मुंबई बंदरी उतरली. बगदाद राखावयास पैसा होता. खेड्यात औषधाची बाटली न्यावयास नव्हता. शत्रू दाराशी आला तो तुर्क नव्हता, जर्मन नव्हता. महागाई, दुष्काळ आणि रोग या तीन वेषांत तो आला, आणि त्याच्याशी लढावयास एकही पलटण ठेविलेली नव्हती.

आणि या बलिदानाचे बक्षीस? येथे आम्हांस आपल्याच माणसांबद्दल कटू बोलावे लागते. त्या वेळी रक्ताच्या मोबदल्यात हक्क मिळतील अशी आशा सर्वच पुढाऱ्यांस वाटली. टिळकांनी अटी घालून भरतीची तयारी दाखविली. गांधींनी १९१८ साली खेडा जिल्ह्यात भरतीसाठी पायपीट केली. आमच्या शाहू महाराजांनीही भरतीस मनापासून साह्य केले. मराठा मर्द म्हणून जगापुढे येईल, त्यास मान मिळेल, ही त्यांची तळमळ खरी होती. पण हाती काय पडले? १९१९ साली रौलट कायदा आणि जालियनवाला बाग. त्याच सालच्या सुधारणांत मुंबई कौन्सिलात मराठे व तत्सम जातींस सात राखीव जागा. १९२१ साली युवराजांच्या हस्ते पुण्यास मराठा युद्धस्मारकाचा पाया. महार बंधूंची कथा याहून विदारक. १८९० नंतरच्या काळात त्यांस फौजेतून बंद केले. गरज पडली तेव्हा १९१७ साली १११ महार ही पलटण उभी केली. गरज सरताच १९२१ साली मोडून टाकली. सुभेदार रामजी आंबेडकरांसारखा फौजेतला माणूस पेन्शनीनंतर ज्या साताऱ्यात राहिला आणि ज्या साताऱ्यात त्यांच्या भीमरावाचे शिक्षण सुरू झाले, त्या गावास हे विसरता येणार नाही.

रक्त देऊन हक्क मिळतो, हे सूत्र खोटे नाही. परंतु रक्त आपल्या हक्कासाठी दिलेले असले पाहिजे. परक्याच्या तेलासाठी दिलेल्या रक्ताची पावती परका देतो, आणि तीवर रक्कम त्याच्या मर्जीची असते. ज्या सरकारने १८४८ साली साताऱ्याचे राज्य खालसा केले, त्याच सरकारचे राज्य वाढवावयास साताऱ्याची पोरे टायग्रिसकाठी मेली. याहून मोठी थट्टा कोणती?

दुसऱ्या महायुद्धात तीच थट्टा पुन्हा झाली. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉयने एकाही लोकप्रतिनिधीस न विचारता हिंदुस्थान युद्धात आहे असे जाहीर केले. जून १९४२ मध्ये आफ्रिकेत टोब्रुक पडले आणि मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण कैद झाली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, ९ सप्टेंबर १९४२ रोजी, साताऱ्यातील वडूजच्या कचेरीवर तिरंगा घेऊन जाणाऱ्या मोर्चावर त्याच सरकारने गोळ्या झाडल्या. परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती असे नऊ जण पडले. मुलगा आफ्रिकेत 'स्वातंत्र्यासाठी' तुरुंगात आणि भाऊबंद वडुजात स्वातंत्र्यासाठी गोळीने मृत! मग येडेमच्छिंद्रच्या नाना पाटलांनी गावोगाव प्रतिसरकार उभे केले ते कुणापासून राखण करावयास? ज्याच्यासाठी आमची पलटण लढत होती, त्याच्यापासूनच.

परंतु आम्ही एकांगी बोलत नाही. याच युद्धात मार्च १९४४ मध्ये मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण मणिपुरातील सांगशाक येथे जपानी फौजेपुढे उभी राहिली. ती लढाई हिंदुस्थानच्या भूमीवर, हिंदुस्थानच्या दारात होती. ती खरी राखण. १९७१ ची लढाईही अशीच. पूर्व बंगालमधील कत्तलीने सुमारे एक कोटी निर्वासित आमच्या हद्दीत लोटले होते. रानडुक्कर शेजाऱ्याच्या वावरातून आमच्या वावरात शिरले होते. फौज सीमा ओलांडून गेली, तेरा दिवसांत काम उरकले आणि मार्च १९७२ मध्ये ती परत फिरली. हद्द ओलांडणे हेच मुळी पाप, असे आमचे म्हणणे नाही. कारण दारात हवे, काम ठरलेले हवे आणि परतीची वाट ठाऊक हवी.

यातले काहीच नसले म्हणजे काय होते, हे स्वराज्यातही दिसले. २९ जुलै १९८७ रोजी श्रीलंकेशी करार झाला आणि शांतिसेना म्हणून आमची फौज तेथे उतरली. दोन पक्षांचा तंटा मिटवावयास गेलेली फौज ऑक्टोबरात स्वतःच एका पक्षाशी लढू लागली. महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी तेथे पडले; त्यांस परमवीरचक्र मिळाले. सुमारे १,२०० जवान गेले. मार्च १९९० मध्ये फौज परत आली तेव्हा ज्यांच्या रक्षणास ती गेली ते तमिळ रागावलेले, ज्यांनी बोलाविले ते सिंहली उतावीळ झालेले की ही एकदाची जाऊ दे. पुढच्याच वर्षी राजीव गांधींचा बळी गेला. त्या तंट्याची आग आमच्या घरात शिरली ती आम्ही तेथे गेल्यानंतर. जवानांच्या शौर्यात तिळमात्र उणे नव्हते. उणे होते ते धाडणाऱ्यांच्या हिशेबात.

म्हणूनच २००३ सालची एक गोष्ट प्रत्येक सातारकराने पोरास सांगावी. अमेरिकेने इराकवर स्वारी केली आणि मग तेथे पहारा करावयास हिंदुस्थानकडे एक आख्खी डिव्हिजन मागितली. इराक म्हणजे तेच मेसोपोटेमिया, तेच बसरा, तेच कुत! आमच्याकडील बैठकीतले वीर तेव्हाही म्हणाले की जावे, महासत्ता खूश होईल, तेलाची कंत्राटे मिळतील. संसदेने एप्रिलमध्ये त्या स्वारीचा निषेध केला होता. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशावाचून फौज धाडण्यास नकार दिला. पुढे काय झाले? ज्या भयंकर शस्त्रांच्या नावाने स्वारी झाली ती सापडलीच नाहीत. चार हजारांहून अधिक अमेरिकन शिपाई तेथे मेले आणि इराकी माणसे तर अगणित. 'नाही' या एका शब्दाने किती अपशिंग्यांच्या घरी चूल पेटती राहिली, त्याची शिला कोणी उभारीत नाही. उभारली पाहिजे.

आता एक आक्षेप आहे, आणि तो आमच्याच घरातून येतो. कोणी म्हणेल, 'संपादक महाशय, फौजेच्या पगारावरच आमची घरे उभी राहिली. माणदेशात पाऊस नाही, मनिऑर्डर होती म्हणून पोरे शिकली.' खरे आहे. साताऱ्यास १९६१ साली देशातील पहिले सैनिक स्कूल निघाले याचाही आम्हांस अभिमान आहे. शिपायाची नोकरी ही अब्रूची भाकरी आहे आणि सीमेवर उभा असलेला आमचा गडी हा आमच्या डोक्यावरचा मुकुट आहे. परंतु त्याची भूक म्हणजे त्याची संमती नव्हे. पोटासाठी भरती झालेल्याचा जीव कोठेही उधळण्याचा परवाना कुणास मिळत नाही. उलट तो गरीब आहे म्हणूनच धाडणाऱ्याने दहादा विचार केला पाहिजे. परक्याची लढाई भुकेल्यास कशी ओढते ते परवाच दिसले. नोकरीच्या आमिषाने दलालांनी नेलेले हिंदी तरुण रशियाच्या फौजेत युक्रेनच्या आघाडीवर उभे केले गेले, काही मेलेही. २०२४ साली आमच्या सरकारला त्यांच्या सुटकेची मागणी करावी लागली. ११ रुपये पगार आणि राजनिष्ठा यांच्या जागी नवे आकडे आले, एवढाच फरक.

तेव्हा उपाय काय? नुसते हळहळून उपयोग नाही. एक मागणी स्पष्ट करावयाची आहे. १८५८ साली इंग्रजांनी हिंदुस्थानचा कारभार कंपनीकडून घेतला तेव्हाच्या कायद्यात एक कलम होते. प्रत्यक्ष स्वारी परतविणे किंवा तशीच तातडीची निकड यांखेरीज, हद्दीबाहेरच्या लढाईचा खर्च हिंदुस्थानच्या उत्पन्नातून पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांच्या संमतीवाचून करता येणार नाही, असे ते कलम सांगत होते. ती संमती लंडनची होती, १९१४ साली ती झटपट दिली गेली, आणि ज्यांची मुले जावयाची त्यांस कुणी विचारले नाही. म्हणून ते कलम आमच्या कामाचे ठरले नाही. तरी परकी लढाई आणि घरची राखण यांत फरक आहे, इतके परक्या राज्यकर्त्यांसही लिहून ठेवावे लागले! आज राज्य आमचे, संसद आमची, मते आमची. परंतु परदेशी लढावयास फौज धाडण्यापूर्वी संसदेची संमती घेतलीच पाहिजे, असे कलम आमच्या राज्यघटनेत नाही. १९८७ साली फौज लंकेस गेली ती मंत्रिमंडळाच्या निर्णयाने.

हे कलम मागा. दारात स्वारी आली तर सरकारने क्षणाचाही विलंब लावू नये, तेथे कोणाची संमती नको. पण फौज परमुलुखात लढावयास जावयाची असेल तर सरकारने संसदेत उभे राहून चार प्रश्नांची उत्तरे आधी द्यावीत. शत्रू आमच्या कोणत्या दारात उभा आहे? फौजेने नेमके काय केले म्हणजे काम झाले? ती परत केव्हा येणार? आणि या लढाईने ज्यांचा फायदा व्हावयाचा आहे, त्यांच्या घरची किती मुले तीत जात आहेत? चौथ्या प्रश्नाला जेथे खाकरून उत्तर येईल, तेथे ओळखावे की निरोप इनामदाराकडून आलेला आहे.

मतदार बंधूंनो आणि भगिनींनो, उमेदवार गावात येतो तेव्हा तुम्ही रस्ता मागता, पाणी मागता, ते मागाच. त्याच सभेत हे चार प्रश्नही त्याच्या हाती द्या. ज्या जिल्ह्याने देशाला इतके शिपाई दिले त्या जिल्ह्याने हे विचारावयाचे नाही तर कोणी विचारावे? अपशिंग्याच्या ४६ जणांस कोणी विचारले नव्हते, आणि त्यांनाही विचारता आले नव्हते. तुम्हांस विचारता येते.